हात थरथरतो, तो म्हातारपणामुळेच का?

आमच्या बचत गटाच्या वहीत एका काकूंची सही आहे. पहिल्या पानांवर चांगली ठसठशीत. पुढं ती बारीक होत गेली, शेवटी तर मुंगीएवढी. आम्ही म्हणायचो, "काकू, वहीची जागा वाचवताय का?" त्याही हसायच्या. भाकरी थापायला त्यांना वेळ लागू लागला, पाय घासत चालू लागल्या. घरचे म्हणाले, वय झालं. आम्हीही तेच म्हणालो. तीन वर्षांनी अंगणात पडून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हा कंपवात आहे, म्हणजे पार्किन्सन. बारीक झालेली सहीसुद्धा त्याचंच लक्षण होतं. ते आमच्या डोळ्यांसमोर होतं, पण ओळखता आलं नाही. म्हणून आज या आजाराचा इतिहास सांगतो.

1817 साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात सहाच रुग्णांची हकिकत होती, आणि त्यातले काही तर त्यांनी रस्त्यात पाहिलेले. यंत्र नाही, रक्ततपासणी नाही. माणूस कसा चालतो, हात कसा थरथरतो, हे त्यांनी नीट पाहिलं. पुढं आजाराला त्यांचंच नाव मिळालं. त्यांचा जन्मदिवस 11 एप्रिल हा जागतिक पार्किन्सन दिन म्हणून पाळतात.

गुणकारी औषध मिळायला मात्र आणखी दीडशे वर्षं गेली. त्या गोष्टीत आपल्याकडच्या दोन वनस्पती आहेत. अंगाला लागली की आग होते ती खाजकुयली आपल्याला माहीत आहे. तिच्या बियांतून 1937 साली मद्रासच्या संशोधकांनी लेव्होडोपा हे द्रव्य वेगळं काढलं. दुसरी सर्पगंधा. 1957 च्या सुमारास स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सर्पगंधेतलं द्रव्य सशांना दिलं, तर ससे निपचित पडले. मग लेव्होडोपा दिलं, तर ते पुन्हा हलू लागले. 1960 साली व्हिएन्नात कळलं, की या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन फार कमी झालेलं असतं. लेव्होडोपा मेंदूत जाऊन त्याचंच डोपामिन होतं. 1967 साली अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी त्याचा डोस हळूहळू वाढवत रुग्णांना दिला आणि जखडलेली माणसं चालू लागली. पुढं त्याला कार्बिडोपाची जोड मिळाली, त्यामुळं मळमळ कमी झाली. आजही मुख्य गोळी तीच आहे. आजार मुळातून जात नाही, पण माणूस बरीच वर्षं आपलं आपण करू शकतो.

मग अडलं कुठं? आफ्रिकेत टांझानियाच्या हाई जिल्ह्यात घरोघरी जाऊन पाहणी झाली. ज्यांना हा आजार निघाला, त्यांतल्या बहुतेकांना तोवर कुणी तसं सांगितलंच नव्हतं. मग औषध कुठून मिळणार? आपल्याकडंही मेंदूचे डॉक्टर बहुतेक शहरांत. जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, सोबत माणूस लागतो, एसटीचं भाडं वेगळं. गोळ्या रोजच्या, वर्षानुवर्षांच्या. पैसे संपले की गोळी बंद होते. आणि सगळी सेवा घरच्या बाईवर, बहुधा सुनेवर.

पार्किन्सन यांनी जसं नीट पाहिलं, तसं आपणही पाहू शकतो. हात मांडीवर स्वस्थ असताना थरथरतो का? एकच हात हलायचा थांबलाय का? पावलं लहान पडतात का? आवाज खोल गेलाय, चेहरा निर्विकार झालाय, अक्षर बारीक झालंय? यातली दोन-तीन लक्षणं दिसली तर आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, पुढं कुठं जायचं त्याची चिठ्ठी मागा.

गोळी घड्याळ बघून द्यायची. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करायची नाही, त्यानं जीवावर बेतू शकतं. खाजकुयलीचं चूर्ण मनानं देऊ नका, त्यात औषध किती आहे ते घरी मोजता येत नाही. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथं रुग्ण आणि घरचे एकमेकांना धीर देतात.

आमच्या गटानं आता काकूंच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला ठेवायचं ठरवलंय. सुनेला एक दुपार मोकळी मिळावी म्हणून आम्ही पाळीपाळीनं त्यांच्याजवळ बसतो. परवाच्या बैठकीत काकूंनी सही केली. अक्षर अजून बारीकच आहे, पण वाचता येतं.