रंगाच्या वाटेवरील विष

कापडाच्या दुकानात लाल-निळ्या रंगांची ठाणे उलगडली की ग्राहकाचा डोळा सुखावतो. परंतु डांबरापासून कापडापर्यंत येताना रंगाला किती रूपे पालटावी लागतात, याची कल्पना थोड्यांनाच असते. इ. स. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याने कृत्रिम जांभळा रंग तयार केला आणि दगडी कोळशाचे टाकाऊ डांबर हे रंगांचे भांडार ठरले. डांबरापासून एकदम रंग होत नाही. मधल्या पायऱ्यांवर जे पदार्थ निर्माण होतात, त्यांना उद्योगात इंटरमीजिएट म्हणतात. मराठीत त्यांना मध्यस्थ द्रव्ये म्हणता येईल. ग्राहकाला ती कधी दिसत नाहीत. दिसतात ती केवळ कामगाराला.

बीटा-नॅफ्थिलामाइन हे असेच एक मध्यस्थ द्रव्य. ज्या नॅफ्थलीनच्या डांबरगोळ्या कपड्यांच्या पेटीत ठेवतात, त्या नॅफ्थलीनपासून नॅफ्थॉल होते, आणि नॅफ्थॉलवर दाबाखाली अमोनियाची क्रिया केली की हे द्रव्य मिळते. ते अनेक रंगांना उपयोगी पडे. जर्मनी, स्वित्झर्लंड, इंग्लंड, अमेरिका येथील कारखान्यांतून ते तयार होऊ लागले. त्याची वाफ श्वासावाटे व भुकटी कातडीवाटे शरीरात शिरे. तत्काळ काही इजा जाणवत नसल्यामुळे कोणी सावध होत नसे.

इ. स. १८९५ मध्ये फ्रँकफुर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी एक गोष्ट वैद्यांच्या नजरेस आणली. फुक्सिन नावाचा किरमिजी रंग बनविणाऱ्या कामगारांपैकी तिघांच्या मूत्राशयात त्यांना अर्बुदे आढळली होती. रेन यांचा संशय अॅनिलिनवर गेला आणि या व्याधीला ‘अॅनिलिन कर्करोग’ असे नाव पडले. पुढे संशयाची दिशा बदलली. १९२१ मध्ये जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम कार्यालयाने आपल्या अहवालात बीटा-नॅफ्थिलामाइन व बेंझिडीन या दोहोंकडे बोट दाखविले आणि कारखान्यांत कडक स्वच्छता पाळावी, असे सुचविले.

अपराधी ओळखला गेला. तथापि त्याला हद्दपार करण्यास आणखी कित्येक वर्षे लागली. याचे एक कारण रोगाच्या स्वभावातच होते. संसर्ग आणि रोग यांच्यामध्ये सरासरी सोळा-अठरा वर्षांचा काळ जाई. तोवर कामगाराने नोकरी बदललेली असे, मग रोगाचा दोष कारखान्याकडे कोण नेणार? शिवाय उंदरांवरील प्रयोगांत हा रोग उमटत नव्हता. अखेर १९३८ मध्ये अमेरिकेत विल्हेल्म ह्यूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर दीर्घकाळ प्रयोग करून पुरावा दिला. हे द्रव्य यकृतात रूप पालटून मूत्रावाटे मूत्राशयात साठते आणि तेथे घात करते. त्याच वर्षी स्वित्झर्लंडने त्याचे उत्पादन थांबविले. इंग्लंडमध्ये ते १९४९ मध्ये थांबले, आणि तेथे कायद्याने संपूर्ण बंदी आली ती १९६७ मध्ये.

या दरम्यान रॉबर्ट केस यांनी इंग्लंडच्या रंगकामगारांची मोठी पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी रंगाचे कारखाने नसलेले शहर म्हणून त्यांनी बर्मिंगहॅम निवडले. परंतु तेथेही मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक निघाले! शोध घेता ते रोगी रबर उद्योगातील कामगार असल्याचे आढळले. रबर टिकावे म्हणून त्यात जे रसायन घालीत, त्यात बीटा-नॅफ्थिलामाइनचा अंश होता. पिंपावर नाव एका द्रव्याचे होते आणि आत दुसरेही दडले होते. कामगाराला त्याचा गंधही नव्हता.

मग यावर उपाय कोणता? हातमोजे, मुखपट्टी, बंद नळ, स्नानगृहे हे सर्व हवेच. परंतु या विषाच्या बाबतीत ते पुरेसे ठरले नाही. खरा उपाय रसायनशास्त्रज्ञांनी वाट बदलून साधला. आधी नॅफ्थॉलमध्ये गंधकाम्लाचा गट जोडावयाचा आणि मागाहून अमोनियाची क्रिया करावयाची. या क्रमाने टोबियास आम्ल मिळते आणि विषारी द्रव्य मोकळ्या रूपात हाताळावेच लागत नाही. छापखान्यातील काही लाल शाया व अनेक कापडी रंग या आम्लापासून होतात. गुजरातेत वापी-अंकलेश्वरपासून वडोदऱ्याच्या परिसरापर्यंत अशा मध्यस्थ द्रव्यांचे कारखाने आहेत. टोबियास आम्लातही मूळ विषाचा सूक्ष्म अंश राहू शकतो. यास्तव जाणता खरेदीदार भावाबरोबर त्या अंशाचीही चौकशी करतो.

भोपाळच्या १९८४ मधील दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये भारताच्या कारखाना कायद्यात सुधारणा झाली. धोक्याच्या द्रव्यांची माहिती कामगाराला देणे, त्याच्या आरोग्याची नोंद ठेवणे व ठराविक काळाने त्याची तपासणी करणे हे मालकाचे कर्तव्य ठरले. ज्या रोगाला उगवण्यास सोळा-अठरा वर्षे लागतात, त्याच्या बाबतीत मात्र कामगाराने कारखान्याचे दार ओलांडले म्हणजे कर्तव्य संपत नाही. निवृत्त कामगाराची तपासणीही तितकीच अगत्याची होय. रेन यांच्या इशाऱ्यापासून इंग्लंडच्या बंदीपर्यंत ७२ वर्षे लोटली. त्या वर्षांचे मोल रंगाच्या किंमतीत कोणी धरले नाही. ते ज्यांनी फेडले, त्यांची नावे कोणत्याही ठाणावर छापलेली नाहीत.