गुंग महालातली मुलं

अकबराचा दरबार फत्तेपूर सिक्रीत भरत होता, त्या काळातली ही गोष्ट. १५८२ साली एके दिवशी बादशहा मोजकी माणसं बरोबर घेऊन वस्तीपासून दूर बांधलेल्या एका घरापाशी गेला. आत चारेक वर्षांची मुलं होती. या वयाची मुलं एका छपराखाली असली की काय गलका होतो, हे ज्यांच्या घरी एकच आहे त्यांनाही ठाऊक असतं. इथं मात्र सामसूम. अबुल फजलनं ‘अकबरनाम्या’त लिहून ठेवलं आहे की, त्या घरातून शब्द असा एकही ऐकू आला नाही. मुक्यांच्या तोंडून निघतात तसे नुसते आवाज आले.

लोकांनी त्या घराला नाव दिलं होतं ‘गुंग महाल’. फारसीत गुंग म्हणजे मुका. मराठीत आपण वाचनात गुंग होतो, गाण्यात गुंग होतो. शब्द तोच, पण आपल्याकडे येईपर्यंत त्याचं दुःख गळून पडलं.

अकबराचं म्हणणं असं होतं की, माणूस ऐकून बोलतो. ज्याच्या कानावर बोलणं पडलं नाही तो मुकाच राहणार. काहींना ते पटेना. मग तान्ही मुलं तिथं ठेवली गेली, दायांना तोंड उघडायची बंदी झाली आणि दारावर पहारे बसले. बदायुनी हा बादशहावर चिडून असलेला इतिहासकार. तो सांगतो की साधारण वीस मुलं त्यांच्या आयांकडून पैसे देऊन आणली होती, तीन-चार वर्षांनी ती सारी मुकी निघाली आणि काही तर दगावली. अबुल फजल या आयांबद्दल काही लिहीत नाही. इतिहास वाचताना दरबारी लेखकाबरोबर एखादा नाराज लेखकही हाताशी असावा, तो यासाठी.

हे सगळं मी का वाचत बसलो, ते सांगतो. माझा नातू, लेकीचा मुलगा, अडीच वर्षांचा झाला तरी बोलेना. सगळं समजायचं, हवं ते बोटानं दाखवायचा, पण तोंडून शब्द नाही. घरात येईल तो त्याच्यापुढे वाकून म्हणायचा, “बोल बेटा, पानी बोल.” शेजारच्या काकू म्हणायच्या, “पाणी म्हण बाळा, पाऽणी.” नातू पाठ फिरवून निघून जायचा. एका दवाखान्यात सल्ला मिळाला की दोन भाषांनी मुलाचा गोंधळ होतोय, घरात एकच भाषा ठेवा. आमचं घर दखनी बोलतं आणि मी लिहितो मराठीत. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. दोघांतली कोणती ठेवायची, हे विचारायचं धाडस त्या दिवशी कुणालाच झालं नाही.

तर पुन्हा इतिहासाकडे. असा प्रयोग करणारा अकबर पहिला नव्हता. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस इजिप्तच्या सामेटिकस राजाची गोष्ट सांगतो. सर्वांत जुनी भाषा कोणती, हे शोधायला राजानं दोन तान्ही मुलं एका धनगराकडे सोपवली. त्यांच्यापुढे कुणी बोलायचं नाही, वेळच्या वेळी शेळ्या नेऊन दूध पाजायचं. दोन वर्षांनी मुलं हात पसरून ‘बेकोस’ म्हणाली. चौकशीअंती कळलं की फ्रिजियन भाषेत हा भाकरीचा शब्द आहे. राजानं फ्रिजियनांचं थोरपण मान्य केलं. पुढच्या एका जुन्या टीकाकारानं मात्र शंका काढली की मुलं शेळ्यांची नक्कल तर करत नव्हती? मला ही शंका राजाच्या निष्कर्षापेक्षा मोलाची वाटते. मुलांनी त्यांना भेटलेल्या एकुलत्या बोलक्या सोबत्याचा आवाज उचलला होता!

तेराव्या शतकातला सम्राट दुसरा फ्रेडरिक यानंही असंच केल्याचं सालिंबेने नावाचा ख्रिस्ती साधू लिहितो. दायांनी मुलांना दूध पाजायचं, न्हाऊ घालायचं, पण लाडानं बोलायचं नाही. ती मुलं मेली. सालिंबेने सम्राटाचा विरोधक होता, तेव्हा गोष्ट कितपत खरी कोण जाणे. पण मरणाचं जे कारण त्यानं दिलं, त्यात दूध नाही. टाळ्या, हावभाव, हसरा चेहरा आणि लाडीगोडी यांवाचून मुलं जगू शकली नाहीत, असं तो म्हणतो.

खरं काम सुरू झालं ते पॅरिसमध्ये. १८०० साली दक्षिण फ्रान्सच्या आव्हेरों भागात जंगलातून एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा वस्तीत आला. कपडे नाहीत, भाषा नाही. पिनेल या नामवंत डॉक्टरनं तो जन्मजात मतिमंद असल्याचा निर्वाळा दिला. मूकबधिरांच्या संस्थेतल्या ईतार नावाच्या तरुण डॉक्टरला ते पटलं नाही. मुलगा ‘ओ’ या स्वराकडे वळून बघतो, हे पाहून त्यानं त्याला तोच स्वर असलेलं नाव दिलं, व्हिक्टर. ईतारची युक्ती आपल्या सगळ्यांच्या घरातलीच होती. मुलाला तहान लागली की पाण्याचा पेला समोर धरायचा आणि पाण्याचा फ्रेंच शब्द पुन्हापुन्हा म्हणायचा, ‘ओ, ओ’. मुलगा कासावीस व्हायचा, पण शब्द काही निघेना. मग ईतारनं दुधाचा शब्द घेतला, ‘ले’. चौथ्या दिवशी मुलगा तो बोलला. पण कधी, तर दूध मिळाल्यावर, आनंदात. मागताना नाहीच. ईतार निराश झाला.

तो निराश का व्हावा, हे मला कळत नाही. आनंदाचा उद्गार ही काय थोडी भाषा आहे? (कवीला तरी तसं वाटणारच.) आणखी गंमत पुढे आहे. व्हिक्टरला सांभाळायला मादाम गेरँ नावाच्या बाई होत्या. त्या येता-जाता ‘अरे देवा’ अशा अर्थाचे दोन शब्द उच्चारत. ते व्हिक्टरनं उचलले! रविवारी बाईंची मुलगी ज्युली यायची. तिच्या नावातला ‘ली’देखील त्याच्या तोंडी बसला, असं ईतारनंच नोंदलं आहे. जे शिकवलं ते येईना आणि जे कुणी शिकवलं नाही ते आलं. पुढे ईतारनं समोर बसून आधी अंगाच्या ढोबळ हालचाली, मग चेहऱ्याच्या, मग ओठ आणि जिभेच्या, अशी नक्कल करून घेतली. पायऱ्या बरोबर होत्या, पण मुलाचं वय निघून गेलं होतं. १८०६ च्या अहवालात बोलण्याचा नाद त्यानं सोडल्याचं दिसतं. खुणांच्या भाषेत बोलणारी मुलं त्याच संस्थेत भोवताली वावरत होती. ती भाषा व्हिक्टरला कुणी दिली नाही, हे मला सगळ्यात लागतं. १८२८ साली व्हिक्टर वारला, तोवर तो मादाम गेरँ यांच्याकडेच होता.

ईतारचं काम त्याचा शिष्य सेगाँनं पुढे नेलं. त्या दोघांची पुस्तकं मारिया मॉन्तेसोरींनी स्वतःच्या हातानं उतरवून अभ्यासली आणि मॉन्तेसोरींची पद्धत गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी आपल्या मातीत रुजवली. बोर्डी-कोसबाडच्या अंगणवाडीत मुलं कृती करत गाणी म्हणत, त्यामागं दूर कुठंतरी तो जंगलातला मुलगा उभा आहे.

विसाव्या शतकात वाद पेटला. १९५७ मध्ये स्किनर यांनी सांगितलं की भाषा अनुकरणानं आणि बक्षिसानं घडते. १९५९ मध्ये चॉम्स्कींनी त्यांना खोडून काढलं. त्यांचा मुद्दा असा की, मूल कधी न ऐकलेली वाक्यंही बोलतं, ती कुठून येतात? वाद चालू असतानाच १९६६ मध्ये अमेरिकेत लोवास यांनी न बोलणाऱ्या मुलांना नक्कल करायला शिकवल्याचा प्रबंध छापला. बरोबर म्हटलं की घास, चुकलं की ओरडा, कधी चापटही. मुलं शब्द बोलू लागली. पण ते वाचताना ईतारचा पाण्याचा पेला डोळ्यांपुढं येतो.

मग हळूहळू पारडं फिरलं. १९७५ मध्ये कॅनडात आयाला मॅनोल्सन यांनी मुलांऐवजी आईबापांनाच शिकवायला घेतलं: मुलाच्या मागं जा, थांबा, वाट पाहा. १९८४ मध्ये डॉसन आणि ॲडम्स यांनी दाखवलं की मोठ्या माणसानं स्वमग्न मुलाची नक्कल केली, तर ते मूल त्याच्याकडे जास्त बघतं. नक्कल कुणी कुणाची करायची, हा प्रश्नच उलटा झाला. २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर माणूस बसून खेळला, तिथं बाळांनी ते ध्वनी पकडले. तेच बोलणं टीव्हीवरून ऐकवलं, तेव्हा काहीच नाही. गुंग महालात आवाजाचा दुष्काळ होता, आज घराघरांत आवाजाचा पूर आहे. पण पडद्यातला माणूस बाळाच्या हुंकाराला हुंकार देत नाही.

आपल्या आज्यांना हे कसं कळलं असेल? १९६४ मध्ये भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी मराठी बाळबोलीवर निबंध लिहिला. त्याच वर्षी फर्ग्युसन यांनी सहा भाषांतल्या बाळबोलींची तुलना केली, त्यांत मराठीही होती. आपली बाळबोली पाहा: मम्मं, दूदू, पापा, भूभू, जोजो, चिऊ, काऊ. ओठ मिटून उघडले की निघणारे किंवा एकच अवयव दोनदा उच्चारून होणारे शब्द. हे मोठ्यांनी मुलांना शिकवले म्हणावं, तर मोठ्यांनी ते आधी मुलांच्याच तोंडून उचलले आहेत. बाळ ‘म्म्म’ करतं, आई ‘मम्मं हवं?’ म्हणून त्याला अर्थ चिकटवून परत देते. पिढ्यान् पिढ्या हा उसनवारीचा व्यवहार चालू आहे.

आमच्या नातवाला शेवटी वाचा-उपचार करणाऱ्या एका बाईंकडे नेलं. त्यांनी आधी कानांची तपासणी करून घेतली. “याचा मामाही उशिरा बोलला,” असं लेक म्हणाली. बाई म्हणाल्या की बरीच मुलं पुढे आपसूक सावरतात हे खरं, पण कोणती सावरणार ते आधी सांगता येत नाही. दोन वर्षांचं मूल पन्नासेक शब्द बोलत नसेल, दोन शब्द जोडत नसेल, तर वाट बघत बसू नये. भाषा सोडायचं विचारताच त्यांनी मान हलवली. दोन भाषांमुळे मूल मागं पडतं, याला संशोधनाचा आधार नाही. ज्या भाषेत तुम्ही लाड करता, त्याच भाषेत करा. शब्द मोजताना दोन्हीकडचे एकत्र मोजा. बायकोनं पदर डोळ्यांना लावला, तो मी पाहिला नाही असं दाखवलं.

मग बाई जमिनीवर बसल्या. नातवानं चमचा आपटला, त्यांनी चमचा आपटला. तो थांबला, त्याही थांबल्या. त्यानं वर पाहिलं. तो ‘आ’ म्हणाला, त्या ‘आ’ म्हणाल्या. आम्ही चौघं भिंतीला टेकून बघत होतो. आम्हाला एकच ताकीद होती: “बोल” म्हणायचं नाही. आधी तो करेल ते आपण करायचं, मग त्यात एवढंसं आपलं घालायचं, आणि मनात दहा आकडे मोजत त्याच्या तोंडाकडे बघायचं. दहा आकडे किती लांब असतात, हे मला तेव्हा कळलं.

चार महिने गेले. टाळ्या आल्या, फुंकर आली, कुकरच्या शिट्टीची नक्कल आली. एका संध्याकाळी मी बिस्किटाचा पुडा फोडला, “दे?” म्हटलं, आणि मोजायला लागलो. सहावर असताना त्यानं हात पुढे केला आणि म्हणाला, “दे.”

लेक ओरडली, “अब्बा, मराठी बोलला!” बायको आतून आली. “दे तो हमारा भी है,” म्हणाली. बिस्किटं संपेपर्यंत दोघींचा वाद चालू होता.