बर्मा टीक आणि वऱ्हाडातलं घर

मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडची मशीद १५८२ सालची, खुदावंद खान महदवीने बांधलेली. ती दगडाची. वऱ्हाडातला साधा माणूस मात्र धाब्याच्या घरात राहिला. मातीच्या भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर कडीपाट आणि मातीचा थर. घर केवढं, हे खणांवर सांगायचे, आणि खण म्हणजे दोन तुळयांमधलं अंतर. घराचं माप लाकूडच ठरवायचं.

हे लाकूड सातपुड्यात आणि अजिंठ्याच्या डोंगरात मिळत होतं. तरीही मशीद किंवा घर बांधणारा आजही ‘बर्मा टीक’ मागतो. हे नाव इथे रुजलं कसं?

डलहौसीने डिसेंबर १८५२ मध्ये ब्रह्मदेशातला पेगू प्रांत इंग्रजी राज्याला जोडला. पाचच महिन्यांनी, मे १८५३ मध्ये, हैदराबाद कंटिंजंटच्या खर्चापोटी निजामाकडून वऱ्हाडचा कारभार काढून घेतला. पेगूच्या सागाची नासाडी थांबवण्याच्या विचारातून १८५५ साली भारतातल्या सरकारी वनधोरणाचा पाया पडला. पेगूची जंगलं सांभाळणारा डीट्रिच ब्रँडिस १८६४ मध्ये साऱ्या हिंदुस्थानच्या जंगलांचा प्रमुख झाला. रंगून म्हटलं की आपल्याला बहादूरशाह जफर आठवतात. पण आपल्या डोंगरातल्या सागावर सरकारी शिक्का उमटवणारी वाटही तिथूनच आली.

गंमत अशी, की १ एप्रिल १९३७ पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. तोवर हे लाकूड ‘परदेशी’ नव्हतंच.

स्वातंत्र्यानंतर इमारती लाकडासाठी आयएस ८८३ हे मानक आलं. विदेशी लाकूड वापरू नका, असं ते म्हणत नाही. त्याची अट वेगळी आहे. झाडाची जात ओळखा, त्या जातीची चाचणीत सिद्ध झालेली ताकद धरा, आणि त्यावरून तुळईचा आकार काढा. ताकदीप्रमाणे लाकडाचे अ, ब, क असे गट आहेत. जातींची तुलना करताना सागाला १०० धरतात. तक्त्यात झाडाचं शास्त्रीय नाव असतं.

खरी अडचण इथेच आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणाने लाकडाची आयात सैल करायला सांगितलं. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये आपल्या कामांत लाकूडच बंद केलं; ती बंदी २०२० मध्ये उठली. बाजारात मात्र बाहेरचं लाकूड येतच राहिलं. ‘मलेशियन साल’ घ्या. साल, म्हणजे शोरिया रोबस्टा, हा भारत-नेपाळच्या पट्ट्यातला वृक्ष. मलेशियाहून त्या नावाने येणारं लाकूड दुसऱ्याच जातींचं. त्याला सालाचे आकडे लावून तुळई टाकली तर हिशेबाला आधारच उरत नाही.

सागाचंही तेच. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात थांबवली. त्यानंतर घाना, इक्वाडोर अशा देशांतल्या लागवडीचा साग मोठ्या प्रमाणात येऊ लागला. झाड तेच, टेक्टोना ग्रँडिस. पण कमी वयाचं, म्हणून त्यात बाहेरचं पांढरं लाकूड जास्त. हा भाग ताकदीत कमी नसतो, पण वाळवी त्यालाच आधी लागते. औषधप्रक्रिया केल्याशिवाय तो तुळईत नको. ‘बर्मा’ या शब्दाचे जादा पैसे मोजणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे अपवाद सोडून राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. बुलढाण्यातल्या नगरपालिकाही तिच्यात आल्या, आणि बांधकामाच्या मजबुतीसाठी ती राष्ट्रीय इमारत संहितेकडे बोट दाखवते. म्हणजे मशिदीचा लाकडी सज्जा असो की घरातला माळा, इंजिनिअरला जात लिहून द्यावीच लागेल. तरी आपल्या कमिट्यांच्या अंदाजपत्रकात अजून एवढंच असतं: ‘उत्तम प्रतीचं बर्मा टीक’. त्या ओळीत जात, ओलाव्याचं प्रमाण आणि पांढऱ्या भागाची औषधप्रक्रिया, एवढ्या तीन गोष्टी लिहून घेतल्या तर व्यापाऱ्याला पावतीवरही त्याच लिहाव्या लागतील.