‘वय झालंय’ म्हणून सोडून देऊ नका : घरातले बुजुर्ग आणि स्मृतिभ्रंश

घरातले बुजुर्ग तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागले की आपल्याकडे ‘सठिया गए हैं’ म्हणून हसण्यावारी नेलं जातं. मराठीत त्यालाच ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतात. दोन्ही भाषांतल्या या म्हणींनी बरंच नुकसान केलं आहे, असं आम्हाला वाटतं. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, हा म्हातारपणाचा नियम नाही; तो मेंदूचा आजार आहे. साठी ओलांडलेल्या बहुतेकांना तो होत नाही. देशव्यापी पाहणीवरून २०२३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना तो आहे. स्त्रियांमध्ये, खेड्यांत आणि शाळा न पाहिलेल्यांमध्ये हे प्रमाण जास्त आढळलं. आपल्या मोहल्ल्यातल्या किती दादी-नानी या तिन्ही गटांत एकाच वेळी बसतात, याचा विचार करावा.

डिमेन्शिया हे अनेक आजारांचं मिळून एक नाव आहे. त्यात सर्वात जास्त आढळतो तो अल्झायमर. १९०६ मध्ये जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. मेंदूचा रक्तपुरवठा बिघडल्याने होणारा प्रकारही बराच दिसतो. लहान-मोठे पक्षाघात, बरीच वर्षं वाढलेलं बीपी आणि मधुमेह ही त्यामागची नेहमीची कारणं.

साधा विसरभोळेपणा की आजार?

चष्मा कुठे ठेवला हे विसरणं साधं आहे. चष्मा कशासाठी असतो हेच न सुचणं साधं नाही. शेजाऱ्याचं नाव थोड्या वेळाने आठवतं, त्याची काळजी नको. पण सकाळी झालेलं बोलणं संध्याकाळी पूर्ण पुसलं जातं, नेहमीच्या मशिदीतून घरी येताना वाट चुकते, चाळीस वर्षं बिर्याणी करणाऱ्या अम्मीला आधी काय टाकायचं ते कळत नाही, सुट्ट्या पैशांचा हिशेब लागत नाही, तेव्हा थांबून पाहायला हवं. पाकीट स्वतःच ठेवून सुनेवर चोरीचा आळ घेणं हेही लक्षण असू शकतं. यावरून घरं तुटतात, आणि आजार मात्र कुणाच्या लक्षातच येत नाही.

नमाजमध्ये कधीतरी रकात चुकणं सर्वांच्याच बाबतीत होतं. असर पढून झाल्याचं विसरून पुन्हा वुजू करायला उठणं रोज होऊ लागलं, तर नोंद ठेवा. इथे एक फसगत होते. लहानपणी पाठ केलेल्या सूरा बराच काळ तोंडावर राहतात, कारण अल्झायमरमध्ये साधारणपणे आधी जाते ती अलीकडची आठवण. त्यामुळे घरचे म्हणतात, ‘अब्बांना तर सगळं याद आहे.’

स्वभाव बदलला, रात्री भास झाले की काही घरांत आधी आमिलकडे धाव घेतली जाते. दुआ जरूर करा, पण डॉक्टरांकडे जायला उशीर नको. व्हिटॅमिन बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, पडल्यानंतर डोक्यात साचलेलं रक्त यांमुळेही असाच गोंधळ दिसतो आणि त्यावर इलाज होऊ शकतो. झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही बुजुर्गांची शुद्ध ढळते. म्हणून चालू असलेल्या सगळ्या औषधांची पिशवी सोबत न्या. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला, तर तो बहुधा जंतुसंसर्ग, पाणी कमी होणं किंवा साखर घसरणं यांतून आलेला असतो. त्यात थांबायचंच नाही, तडक दवाखाना गाठायचा. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं ही तर पक्षाघाताची खूण आहे.

तपासणीत तारीख, ठिकाण, शब्द, आकडेमोड असं विचारतात. दादी घरी दखनी बोलत असतील आणि प्रश्न इंग्रजीत किंवा शुद्ध मराठीत आले, तर चुका भाषेमुळेही होतात. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी वेगळ्या चाचण्या आहेत. हे डॉक्टरांना आपणहून सांगावं.

धोका कमी करता येतो

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे १४ धोके सांगितले. ते सगळे टाळता आले तर जगातले साधारण ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा आजार लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात बीपी, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, दारू, लठ्ठपणा, बैठं जीवन, डोक्याला मार, प्रदूषण, नैराश्य, एकटेपणा, ऐकू न येणं, नजर कमी होणं आणि बालपणी शिक्षण कमी मिळणं हे आलं.

यातले दोन आपल्या घरांत फार दुर्लक्षित आहेत. ऐकू कमी आलं की माणूस बैठकीतून उठतो, मग बोलणंच बंद होतं. श्रवणयंत्राची लाज वाटते आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ‘ईदनंतर’ करत वर्षं जातात. शिक्षणाचा मुद्दा आम्ही शिक्षक म्हणून अधोरेखित करतो : आठवीत शाळा सुटलेल्या मुलीचं नुकसान तिच्या सत्तरीपर्यंत पोहोचतं.

रमजानमध्ये इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधीच डॉक्टरांशी बोलून डोस ठरवावा. साखर फार खाली जाणं मेंदूला घातक आहे. ज्यांची समजच उरलेली नाही त्यांच्यावर रोजा-नमाजची सक्ती करू नये. शंका असल्यास आलिमांना विचारावं.

निदान झाल्यावर

डोनेपेझिलसारखी औषधं काही काळ लक्षणं सौम्य ठेवतात. आजार बरा करत नाहीत. बाकी सगळं घरावर येतं. दिनक्रम ठरलेला ठेवा, वाद घालू नका, बाथरूमला रात्री दिवा ठेवा, गॅसचा नॉब बंद करा, खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. बँकेचा ओटीपी त्यांच्या हाती नको. वसियत किंवा हिबा करायचा असेल तर समज शाबूत असतानाच, सर्व वारसांना सांगून करा. नंतर घेतलेला अंगठा कायद्याने टिकणं कठीण, आणि ती उघड नाइन्साफी आहे.

सेवा बहुधा एकाच सुनेच्या किंवा मुलीच्या वाट्याला येते. आठवड्यातला एक दिवस तरी भावांनी वाटून घ्यावा. बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ सकाळी ८ ते रात्री ८ मोफत चालते.