बेडकाची नजर आणि सिलिकॉनचा डोळा

जालन्याच्या मोंढ्यात रात्री शटरं खाली आली की खांबावरचे कॅमेरे तीच बंद शटरं पहाटेपर्यंत पुन्हा पुन्हा टिपत राहतात. हललेले काहीच नसते. पहिल्या पावसात कुंडलिकेच्या काठी बसलेला बेडूक असली वायफळ मेहनत करत नाही.

१९५९ साली अमेरिकेत जेरोम लेटविन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी बेडकाच्या डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंमधले विद्युतसंदेश तपासले. डोळा मेंदूला अख्खे चित्र पाठवतच नाही, असे त्यांना दिसले. तो कडा, हालचाल, अचानक पडलेली सावली एवढ्याच बातम्या पाठवतो. भोवती मेलेल्या माश्यांचा सडा पडला तरी बेडूक उपाशी मरेल. न हलणारी माशी त्याच्या लेखी अन्नच नाही.

डोळ्याची ही रीत चिपमध्ये उतरवली ती मिशा माहोवाल्ड या तरुणीने. कॅलटेकमध्ये जीवशास्त्र शिकून ती चिपतज्ज्ञ कार्व्हर मीड यांच्या प्रयोगशाळेत आली. दोघांनी घडवलेल्या चिपवरचा प्रत्येक बिंदू आपल्यावरचा उजेड शेजाऱ्यांच्या सरासरीशी ताडून पाहायचा आणि फरक तेवढाच पुढे कळवायचा. आपल्या डोळ्याच्या पडद्यातल्या आडव्या पेशींचे काम असेच चालते. मे १९९१ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये दोघांचा लेख आला आणि ‘सिलिकॉनचा दृष्टिपटल’ जगाला कळला.

सांगण्यासारखे असेल तेव्हाच बोलायचे! हा नियम आमच्या कविसंमेलनांना लावला तर मांडव तासाभरात रिकामा होईल.

माहोवाल्ड १९९६ मध्ये अवघ्या तेहतिसाव्या वर्षी गेली. मीड यांचेच विद्यार्थी टोबी डेलब्रुक यांनी झुरिकमध्ये सहकाऱ्यांसह हे काम पुढे नेले. २००८ साली त्यांनी १२८ गुणिले १२८ बिंदूंच्या चिपची माहिती प्रसिद्ध केली. तिचा प्रत्येक बिंदू उजेड बदलला तरच बोलतो, तोही सेकंदाच्या अगदी सूक्ष्म अंशात. निजलेल्या मोंढ्यापुढे ती जवळजवळ गप्प राहील. मांजर आडवे गेले, तर त्याच्या कडा तेवढ्या बोलतील.

पण बेडकाची अडचणही वारशाने आली. मंठा रस्त्यावर कुणी निपचित पडला असेल, तर खांबावरच्या अशा चिपला तो पडताना दिसेल, पडलेला दिसणार नाही. म्हणून २०१४ मध्ये झुरिकच्याच चमूने बदलाची बातमी आणि अख्खे चित्र दोन्ही देणारी चिप मांडली.