वजन वाढलं, पण शरीरात नेमकं काय वाढलं?

‘डॉक्टर, वजन वाढायचं काहीतरी द्या’ ही मागणी ओपीडीत नेहमीची. कुणाला पोलीस भरतीची छाती भरायची असते, कुणाचं लग्न ठरत असतं, कुणी नुकतंच तालमीत किंवा जिममध्ये जायला लागलेलं असतं. सगळ्यांची अपेक्षा एकच असते: काट्यावरचा आकडा वर जावा, आणि तोही महिन्याभरात. वजन वाढवून वरच्या गटात उतरणं हा कुस्ती आणि बॉक्सिंगमधला फार जुना प्रश्न आहे. त्या इतिहासात आपल्या कामाचं बरंच काही सापडतं.

आपल्याकडे जत्रेच्या फडात वजनकाटा नसतो. जाणती माणसं दोन्ही मल्लांकडे बघतात, जोड तोडीस तोड वाटली की कुस्ती लावतात. बॉक्सिंगमध्येही सुरुवातीला मोठा-लहान असा ढोबळच हिशोब होता. लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने १९०९ मध्ये आठ वजनगट पक्के केले. त्यातला सगळ्यात वरचा हेवीवेट. इतर प्रत्येक गटाला वरची मर्यादा असते, हेवीवेटला ती नसते. आज व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये २०० पौंड, म्हणजे सुमारे ९०.७ किलोच्या पुढचा कुणीही हेवीवेट. समोरचा १२० किलोचाही असू शकतो.

आपल्या मातीतलं पहिलं मोठं उदाहरण हलक्या गटांतलं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिम्पिकला गेले ते ५२ किलोच्या फ्लायवेट गटात. वय २२. आयुष्यभर मातीत खेळलेला मल्ल तिथे गादीवर उतरला आणि सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला ते एक गट वर, ५७ किलोच्या बँटमवेटमध्ये खेळले. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

दुसरं उदाहरण तर आपल्या बीड जिल्ह्यातलंच. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण जिंकलं. पुढच्याच वर्षी तो ६१ किलो गटात जागतिक स्पर्धेत उतरला आणि कांस्यपदक घेऊन आला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. वरच्या गटात जाणं म्हणजे दरवेळी वजन चढवणंच असतं असं नाही. पुष्कळ मल्लांचं रोजचं वजन गटाच्या मर्यादेपेक्षा जास्त असतं. वजन द्यायच्या आधी ते जेवण तोडतात, पाणी तोडतात, घाम काढतात. त्यात उतरते ती चरबी नव्हे, तर शरीरातलं पाणी. दोन दिवसांत कमी झालेले तीन किलो दोन दिवसांत परत येतात ते यामुळेच. वरच्या गटात गेल्यावर ही ओढाताण कमी होते. झटपट वजन उतरवून देणाऱ्या जाहिरातींतही बहुतेक वेळा हाच पाण्याचा खेळ असतो.

आता हेवीवेटकडे वळू. १८९७ मध्ये बॉब फिट्झसिमन्स या मिडलवेट विजेत्याने जिम कॉर्बेटला हरवून हेवीवेटचा किताब घेतला. तेव्हा त्याचं वजन जेमतेम ७६ किलो होतं. १९८५ मध्ये मायकेल स्पिंक्स लाइट हेवीवेटमधून, म्हणजे ७९.४ किलोच्या मर्यादेतून, वर आला. आहार आणि व्यायामाचा जाणकार सोबत घेऊन त्याने सुमारे ९१ किलोपर्यंत वजन नेलं आणि लॅरी होम्सला गुणांवर हरवलं.

रॉय जोन्सची कहाणी मात्र दोन्ही बाजूंनी वाचायला हवी. हा मूळचा मिडलवेट. २००३ च्या मार्चमध्ये त्याने ८७.५ किलो वजन घेऊन १०२ किलोच्या जॉन रुइझला हरवलं आणि हेवीवेटचा किताब मिळवला. नंतर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा ७९.४ किलोच्या गटात उतरला. ती लढत त्याने कशीबशी जिंकली. सहा महिन्यांनी त्याच प्रतिस्पर्ध्याने, अँटोनिओ टार्व्हरने, त्याला दुसऱ्याच फेरीत आडवं केलं. वय ३५ झालं होतं, त्यामुळे सगळा दोष वजनाला देता येणार नाही. पण चढवलेलं वजन इतक्या घाईने उतरवताना चरबीबरोबर स्नायूही जातात, हे वैद्यकशास्त्र सांगतं.

याउलट युक्रेनचा अलेक्झांडर उसिक. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ९१ किलो गटात सुवर्ण, २०१८ मध्ये क्रूझरवेटचे चारही किताब, आणि २०१९ मध्ये हेवीवेटमधली पहिली लढत. २०२१ मध्ये त्याने अँथनी जोशुआला हरवलं तेव्हा त्याचं वजन सुमारे १०० किलो होतं, जोशुआचं १०९. नऊ वर्षांत साधारण नऊ किलो! जोशुआइतकं जड व्हायचा हट्ट त्याने धरला नाही. पायांची चपळाई आणि दम शाबूत राहील एवढंच वजन त्याने घेतलं.

या सगळ्यांतून मला दिसतं ते असं. काट्यावर वाढलेल्या किलोत तीन गोष्टी असतात: स्नायू, चरबी आणि पाणी. तिन्हींचा वेग वेगळा. पाणी एका दिवसात वाढतं, चरबी काही आठवड्यांत, स्नायू महिनोन्‌महिने घेतो. नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्या तरुणाला महिन्याला अर्धा-एक किलो स्नायू मिळाला तरी ती चांगली कमाई समजा. पुढे हा वेग आणखी कमी होतो. म्हणून महिन्यात सात-आठ किलो वाढले असतील, तर आनंद मानण्याआधी काय वाढलं ते विचारा.

आता औषधांबद्दल. ‘स्टेरॉइड’ या एकाच नावाखाली दोन वेगळी औषधं फिरतात. वजन वाढायच्या म्हणून चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत पुष्कळदा डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं. दमा, संधिवात अशा आजारांत ते योग्य प्रमाणात फार उपयोगी आहे. पण वजनासाठी घेतलं की भूक वाढते, अंगात पाणी धरतं, चेहरा गोल होतो, पोटावर चरबी चढते आणि हातापायांचे स्नायू मात्र झिजतात. पैलवान व्हायला निघालेला मुलगा आतून उलट दुबळा होतो. शिवाय साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात. बरेच दिवस घेतलेली ही गोळी एकदम बंद करणंही धोक्याचं आहे, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करावी लागते.

जिममध्ये मिळणारी इंजेक्शनं ती दुसरी जात, पुरुषी संप्रेरकाची. त्यांनी स्नायू वाढतात हे खरं. पण बाहेरून संप्रेरक मिळतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं. अंडकोष लहान होतात, शुक्राणू कमी होतात. चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, रक्त दाट होतं, हृदयाची भिंत जाड होते. लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू होतात, तेव्हा हे जुनं इंजेक्शन कुणाला आठवतही नाही.

आणखी एक समज. ‘पैलवान शंभर किलोचे असतातच की, मग माझ्या नव्वदला काय झालं?’ उत्तर कमरेला टेप लावून मिळतं. नाभीच्या पातळीवर पुरुषाचा घेर ९० सेंमीपेक्षा आणि बाईचा ८० सेंमीपेक्षा जास्त असेल, तर ते वजन हेवीवेटचं नाही, पोटातल्या चरबीचं आहे. ही चरबीच मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेते. गुडघ्याचंही तसंच: अंगावरचा प्रत्येक किलो चालताना गुडघ्यावर सुमारे चार किलोंचा भार टाकतो. खेळ सोडल्यावरही खुराक तोच ठेवणाऱ्या मल्लांनी हे जास्त लक्षात ठेवावं.

मग खरोखर बारीक असलेल्याने काय करावं? आधी कारण शोधावं. न सांगता वजन उतरत असेल तर साखर, थायरॉइड आणि क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. ती ठीक असेल तर रोजच्या भाकरी-वरणात दूध, अंडी, शेंगदाणे, हरभरे, उसळी वाढवाव्यात. जोर-बैठका किंवा वजनं उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून तीन-चार दिवस करावा आणि सात-आठ तास झोपावं. महिन्यातून एकदा वजन आणि कमर दोन्ही मोजून वहीत लिहावं. वजन वाढतंय आणि कमर तेवढीच आहे, तर तुम्ही बरोबर वाटेवर आहात. दोन्ही सोबत वाढत असतील, तर वही घेऊन दवाखान्यात या.