सोर्बोनचा संस्थापक

पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठाचे नाव ठाऊक नाही असा सुशिक्षित मनुष्य विरळा. परंतु हे नाव मुळात कोणा राजाचे नव्हे की साधुपुरुषाचे नव्हे; ते आहे ईशान्य फ्रान्समधील आर्देन भागातल्या एका लहानशा खेड्याचे. त्या सोर्बाँ गावी १२०१ साली एका गरीब शेतकऱ्याच्या घरी रोबेर जन्मास आला. पुढे तो पॅरिसमध्ये धर्मशास्त्राचा पंडित म्हणून नावारूपास आला आणि नवव्या लुई राजाच्या विश्वासातला धर्मोपदेशक होऊन दरबारात वावरू लागला.

दरबारातील एक प्रसंग राजाचा स्नेही सरदार ज्वांव्हील याने आपल्या लुईचरित्रात नमूद करून ठेविला आहे. एकदा रोबेरने त्याचा झगा धरून त्यास राजापुढे नेले आणि राजाहून उंची वस्त्रे वापरणे तुम्हांस शोभते काय, असे विचारले. सरदाराने उलट सुनावले की, माझा वेष मला आईबापांकडून आलेला आहे. आपण मात्र खेडुतांचे पुत्र असून आईबापांचा वेष टाकलात आणि राजाहून भारी कापड अंगावर घेतलेत. बिचारा रोबेर निरुत्तर झाला. राजाने त्या वेळी त्याची बाजू उचलून धरली. मागाहून मात्र ज्वांव्हीलला जवळ बसवून कबुली दिली की, म्हणणे तुमचेच खरे होते, पण तो इतका ओशाळला की त्यास सावरणे भाग पडले.

टोमणा वर्मी लागणाराच होता. तथापि आईबापांचा वेष टाकणे निराळे आणि त्यांचे दिवस विसरणे निराळे. रोबेरच्या हातून दुसरी चूक झाली नाही, याची साक्ष त्याचे कॉलेज देते.

त्या काळी धर्मशास्त्राचे अध्ययन म्हणजे दीर्घ तपश्चर्याच होती. १२१५ च्या नियमाप्रमाणे वयाची ३५ वर्षे आणि अध्ययनाची निदान ८ वर्षे पुरी झाल्यावाचून पॅरिसमध्ये त्या विषयाचे अध्यापन करता येत नसे. डोमिनिकन व फ्रान्सिस्कन भिक्षूंना त्यांच्या मठांचा आसरा होता. पण कोणत्याही पंथात न शिरलेल्या गरीब विद्यार्थ्याने इतकी वर्षे जेवावे कोठे आणि निजावे कोठे? वार लावून शिकलेल्यांच्या कथा ज्या घरांतून आजही सांगितल्या जातात, तेथे या प्रश्नाचे गांभीर्य समजावून सांगावयास नको.

रोबेरने नेमकी हीच अडचण हेरली. १२५७ साली राजाने त्यास पॅरिसमध्ये जागा दिली व कॉलेज उभे राहिले. तेथील एक व्यवस्था विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. गरीब सभासदाचा खर्च संस्था सोशी. सधन सभासद तेवढीच रक्कम पदरची भरी. भोजन मात्र एकत्र होई. पैशाचा भेद हिशेबाच्या वहीत राहिला, पंक्तीत आला नाही. देणग्यांतून ग्रंथसंग्रहही वाढला. १२९० च्या यादीत १०१७ ग्रंथांची नोंद आहे, आणि त्यांतील मोलाचे ग्रंथ साखळीने बांधून सर्वांच्या वाचनासाठी ठेवीत. फ्रान्समधील पहिला छापखाना १४७० मध्ये याच कॉलेजात सुरू झाला.

सदसद्विवेकावरील आपल्या लहानशा ग्रंथात रोबेर अंतिम न्यायाची तुलना विद्यापीठाच्या परीक्षेशी करतो. येथे परीक्षक ग्रंथातील थोडकाच भाग विचारतो, तेथे अंतःकरणाचे अवघे पुस्तक उघडले जाते. येथे नापास झालेल्यास पुन्हा बसता येते, तेथे दुसरी संधी नाही. असे लिहिणाऱ्याला दरबारातला तो प्रसंग सहजासहजी विसरता आला नसावा.

१२७४ साली रोबेर निवर्तला. फ्रेंच राज्यक्रांतीत जुने कॉलेज बंद पडले, पण नाव मावळले नाही. आज पॅरिसमधील एकाहून अधिक विद्यापीठे ते धारण करतात. ज्या खेडुतपणावरून एका पंडितास भर दरबारात मान खाली घालावी लागली, त्या खेड्याचे नाव धारण करण्यात आता विद्वानांस भूषण वाटते.